पितळेची टंचाई आणि पोलादी पुंगळी

तोफ डागली की गोळ्यामागची दारूची पुंगळी क्षणभर फुगते, नळीच्या मागच्या कोठीला घट्ट चिकटते आणि तप्त वायू मागे फुटू देत नाही. दाब उतरताच ती आकसायला हवी. नाहीतर अडकून बसते. साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्ताचं पितळ हे काम बिनबोभाट करतं. शिवाय ते गंजत नाही.

पण तांबं जर्मनीला बाहेरून आणावं लागे. दुसऱ्या महायुद्धात तिथे तांब्यासाठी चर्चच्या घंटासुद्धा वितळवल्या गेल्या. मग पुंगळ्या पोलादाच्या होऊ लागल्या. हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. पोलाद पितळेच्या जवळपास दुप्पट ताठ. त्यामुळे फुगल्यावर ते पितळेइतकं मागे येत नाही. त्याची मजबुती उष्णता-प्रक्रियेने नेमकी साधावी लागे. माझ्या मते खरी कारागिरी इथेच होती.

गंजाचा प्रश्न उरलाच. काही पुंगळ्यांवर पितळेचा पातळ मुलामा असे, म्हणून त्या वरवर पाहता अस्सल पितळी वाटतात. (लोहचुंबक लावला की सोंग उघडं पडतं.) काहींना लॅकर फासत. प्रसिद्ध 8.8 सेंटिमीटर विमानविरोधी तोफेच्या पुंगळीच्या बुडावर 6347 हा नमुना क्रमांक असतो. पोलादी असेल तर त्यापुढे तसं दर्शवणारी अक्षरं.

तांब्याची काटकसर गोळ्यापर्यंतही पोचली. नळीतल्या आट्यांत रुतून गोळ्याला फिरकी देणारं तांब्याचं कडं जाऊन, लोखंडाची भुकटी दाबून-भाजून केलेलं कडं आलं.