जुन्या मोटारीचा कर : हिशेब कसा मांडावा?

तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु हे गाव ओळखले जाते ते सरफोजीराजांनी मुक्तांबेच्या स्मरणार्थ उभारलेल्या छत्रामुळे. रामेश्वराच्या वाटेवरील यात्रेकरूंची तेथे सोय होत असे. आज या भागात मोटारी धावतात आणि जुन्या मोटारीच्या मालकास प्रश्न पडतो : वर्षाला कर किती?

खासगी मोटारीचा आजीवन कर नोंदणीच्या वेळीच भरला जातो. पुढचा हिशेब सुरू होतो पंधरा वर्षांनंतर. मोटारीचे वय मात्र प्रथम नोंदणीच्या दिनांकापासून मोजावे, खरेदीच्या नव्हे. समजा, येथील एका गृहस्थाने २०२० साली घेतलेल्या मोटारीची प्रथम नोंदणी जून २०१० मधील आहे. तिची मुदत जून २०२५ मध्ये, म्हणजे खरेदीनंतर पाचच वर्षांत संपते. नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते. त्याचे शुल्क केंद्र सरकारने १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये केले. वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये झाले. या शुल्कात राज्याचा हरित कर मिळवून बेरजेस पाचाने भागावे, की वार्षिक भार कळतो. ५,००० रुपयांच्या शुल्काचाच वाटा वर्षाला १,००० रुपये होतो. विलंब झाल्यास दरमहा ५०० रुपये अधिक.

परराज्यातून आणलेली मोटार बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास नवी नोंदणी आवश्यक ठरते. म्हणून जुनी मोटार घेताना किमतीआधी नोंदणीपुस्तक पाहावे. स्वस्त सौद्याची खरी किंमत तेथेच नोंदलेली असते.