चॉकलेटचे झाड आणि पुत्तूरचा कारखाना

तालुक्याच्या बाजारातून परतताना आपण मुलांसाठी चॉकलेट आणतो. चकचकीत कागदातली ती वडी कारखान्यात बनते खरी, पण तिची चव शेतातच ठरते.

कोको हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील झाड. आपल्या कोकणातील कोकम ते नव्हे. मेक्सिकोतील अ‍ॅझ्टेक लोक कोकोच्या बिया भाजून, वाटून, मिरची घालून फेसाळ पेय करीत. याच बिया त्यांच्या बाजारात नाण्यांसारख्या चालत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी हे पेय युरोपात नेले. तेथे त्यात साखर पडली. १८४७ साली इंग्लंडातील फ्राय कंपनीने खाण्याची वडी काढली आणि १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या डॅनियल पीटरने तीत दूध मिसळले.

कोकोची फळे फणसासारखी खोडावर लागतात. एका फळात साधारण ३० ते ४० बिया, पांढऱ्या आंबटगोड गरात गुंडाळलेल्या. ताजी बी कडू-तुरट लागते. फळे फोडून गरासह बियांचा ढीग करतात, तो झाकून पाच-सहा दिवस आंबवतात, मधून मधून उलथतात आणि मग बी उन्हात खडखडीत वाळवतात. हे आंबवण बिघडले, तर पुढे कितीही दूध-साखर घाला, चॉकलेटचा खरा स्वाद येत नाही.

चव शेतकऱ्याच्या हाती, पण भाव? १९७० नंतरच्या दशकात केरळ व दक्षिण कर्नाटकातील बागायतदारांनी नारळ-सुपारीच्या सावलीत कोकोचे आंतरपीक घेतले. १९८० च्या सुमारास भाव कोसळले आणि खरेदीदारांनी हात आखडता घेतला. ओली बी घरात साठवता येत नाही. माल नाशवंत असला की घाई शेतकऱ्याला आणि फुरसत गिऱ्हाइकाला!

अशा वेळी सुपारी उत्पादकांची 'कॅम्पको' ही सहकारी संस्था पुढे आली. १९७३ साली मंगळूर येथे स्थापन झालेल्या या संस्थेने सभासदांचा कोको खरेदी केला. एवढ्यावर न थांबता तिने पुत्तूर येथे स्वतःचा चॉकलेटचा कारखाना उभारला. १९८६ साली तो सुरू झाला आणि आजही चालू आहे.

मुलांना चॉकलेट देताना ही हकिगत अवश्य सांगावी. आणि टोमॅटो किंवा आंब्याचा भाव पडला म्हणून पारावर मंडळी हळहळत बसतील, तेव्हा तेथेही सांगावी.