दोन दिवसांची मुंबई : प्राथमिक शाळेच्या पहिल्या सहलीची आखणी

खेड्यातील शाळेची मुले मुंबईस नेण्याचे ठरले म्हणजे शाळेत व गावात एकच उत्साह संचारतो. शिक्षक, पालक आणि मुंबईस नोकरीला असलेले गावकरी आपापल्या परीने स्थळे सुचवू लागतात आणि पाहता पाहता यादी वीस नावांवर जाते. अशा यादीबरहुकूम निघालेल्या सहलीचे पुढे काय होते, हे अनुभवी शिक्षकांस सांगावयास नको. मुलांचा बहुतेक वेळ वाहनात बसण्यात, उतरण्यात, मोजून घेण्यात आणि पुन्हा बसण्यात जातो. घरी परतल्यावर काय पाहिले असे विचारले असता त्यांस गर्दीखेरीज फारसे काही सांगता येत नाही. मुंबई ही दक्षिणोत्तर लांबत गेलेली नगरी आहे. तिच्यात अंतर किलोमीटरात मोजून उपयोग नाही, ते तासांत मोजावे लागते. एका टोकाचे मंदिर, दुसऱ्या टोकाची चौपाटी आणि मधला एखादा बाजार एका दिवसात बसविणे म्हणजे तो दिवस रस्त्यावर घालविणे होय.

म्हणून दोन दिवसांच्या सहलीचा पहिला नियम असा ठेवावा की, पहिल्या दिवशी कोणत्याही वाहनाची गरज पडू नये. हे अशक्य वाटेल. पण दक्षिण मुंबईत ते सहज साधते. सोलापूर जिल्ह्यातील शाळेचे उदाहरण घ्यावे. सोलापुराहून रात्री निघणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस सुमारे साडेचारशे किलोमीटर अंतर तोडून सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर येते. म्हणजे मुले ज्या स्थानकात पाऊल ठेवतात तेच पाहण्याजोगे पहिले स्थळ असते. तेथून हुतात्मा चौक, वस्तुसंग्रहालय, गेट वे ऑफ इंडिया, ओव्हल मैदान आणि शेवटी मरीन ड्राइव्हचा किनारा हा सर्व फेरा पाच-सहा किलोमीटरांच्या आत आहे. शेतावरून शाळेत चालत येणाऱ्या मुलांस इतके चालणे जड नाही. मुक्कामाची जागा मात्र स्थानकाच्या जवळच पाहावी. एखाद्या शाळेच्या किंवा धर्मशाळेच्या व्यवस्थापकांशी निदान दोन महिने आधी पत्रव्यवहार करून लेखी होकार मिळवावा. मुलींची निजण्याची व स्नानाची सोय स्वतंत्र आहे की नाही, हे त्या पत्रात स्पष्ट विचारावे. मुली सहलीस जाणार असतील तर शिक्षिका बरोबर असलीच पाहिजे. शाळेत शिक्षिका नसेल तर शेजारच्या शाळेशी मिळून सहल काढावी. पुष्कळदा एवढी एक गोष्ट झाली की मुलीला पाठविण्यास नाखूष असलेली आई आपण होऊन होकार देते.

सहलीच्या खर्चाचा प्रश्न याहून नाजूक आहे. सहलीस न आलेली मुले कोण होती, हे शाळेच्या हजेरीपटाशी ताडून पाहिले तर बहुधा ज्यांस मुंबई दिसण्याची दुसरी संधी लवकर येणार नाही तीच ती मुले असतात. वर्गणी एकदम मागू नये. जून महिन्यापासून दर आठवड्यास थोडी थोडी रक्कम जमा करावी आणि तिची नोंद प्रत्येक मुलाच्या वेगळ्या पानावर ठेवावी. ज्यांची बाकी राहिली त्यांची नावे वर्गात कधीही वाचून दाखवू नयेत. शाळा व्यवस्थापन समितीपुढे ही अडचण आधीच मांडल्यास गावातूनच दोन-चार मुलांचा भार उचलला जातो. मात्र कोणाचा भार कोणी उचलला हे मुलांस कळण्याचे कारण नाही. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची मुले हंगामात गावात नसतात, हेही तारीख ठरविताना ध्यानात घ्यावे. रेल्वेच्या भाड्याचा हिशेब करताना एक गोष्ट विसरू नये. पाच ते बारा वर्षांच्या आतील मुलास अर्धे तिकीट असते हे खरे, परंतु २०१६ पासून आरक्षित शायिका हवी असल्यास त्याचेही पूर्ण भाडे भरावे लागते. रात्रीच्या प्रवासात शायिका हवीच. विद्यार्थ्यांच्या अभ्याससहलीस मिळणाऱ्या सवलतीचे नियम व अर्जाचा नमुना स्थानकावरून आधी मागवून घ्यावा.

निघण्यापूर्वी पंधरा दिवस शाळेच्या पटांगणावर फक्कीने दक्षिण मुंबईचा मोठा नकाशा काढावा. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस बंदर, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. स्थानकाच्या जागी एक दगड, वस्तुसंग्रहालयाच्या जागी दुसरा, गेट वेच्या जागी तिसरा. मुलांस या रेषांवरून चालू द्यावे. आठ दिवसांत त्यांच्या पायांस तो रस्ता ठाऊक होतो आणि मग खऱ्या मुंबईत ‘आता आपण कुठे आहोत?’ असे विचारले की उत्तर येते. हरवण्याची भीती ज्यास कमी वाटते ते मूल डोळे उघडे ठेवून चालते. हा नकाशा काढण्यास खर्च लागत नाही, आणि सहलीच्या सर्व तयारीत याइतकी फलदायी गोष्ट दुसरी नाही.

पहिल्या दिवशी स्नान व न्याहारी आटोपून मुलांस पुन्हा टर्मिनसकडे आणावे. पण आत नव्हे, तर समोरच्या महानगरपालिकेच्या इमारतीच्या बाजूस. रस्ता भुयारी मार्गाने ओलांडावा. एवढी मोठी वास्तू जवळून दिसत नाही. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुशिल्पज्ञाने आखलेल्या या स्थानकाचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू झाले व त्यास सुमारे दहा वर्षे लागली. २००४ मध्ये ते जागतिक वारसास्थळांत गणले गेले. मुलांस हे आकडे फार सांगू नयेत. त्याऐवजी दगडात कोरलेले पशुपक्षी शोधण्यास सांगावे. प्रवेशद्वाराच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे व दुसरीकडे वाघ. सिंह ब्रिटनचे व वाघ हिंदुस्थानचे चिन्ह म्हणून बसविलेला आहे. याच परिसरातील बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यापर्यंत चौतीस किलोमीटर अशी भारतातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. आदल्या रात्री साडेचारशे किलोमीटर झोपेत आलेल्या मुलांस या चौतीस किलोमीटरांचे मोल समजावून देणे, हा शिक्षकाच्या कौशल्याचा भाग आहे.

हुतात्मा चौकात मुलांस पाच मिनिटे उभे करावे. भाषावार प्रांतरचनेचा पाठ त्यांनी पुस्तकात वाचलेला असतो. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी या ठिकाणी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, आणि पुढे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. तेथील स्मारकात हातात मशाल धरलेल्या दोन आकृती आहेत. त्यांतील एक शेतकऱ्याची व एक कामगाराची आहे, हे मुलांस स्वतः ओळखू द्यावे.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ मध्ये लोकांस खुले झाले. ते सगळे पाहू नये. हा सल्ला अनेकांस रुचणार नाही, कारण तिकीट काढले म्हणजे प्रत्येक दालनातून फिरलेच पाहिजे असे वाटते. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाचे लक्ष दीड तासानंतर काचेवर राहत नाही, पायांवर जाते. शिल्पांचे दालन, सिंधू संस्कृतीच्या वस्तू आणि प्राणी-पक्ष्यांचा विभाग एवढे पुरे. प्रत्येक मुलाने एकच वस्तू निवडून तिच्यासमोर बसावे व वहीत तिचे चित्र काढावे. त्या एका चित्रातून परतल्यावर निबंध, गणित व इतिहास असे तिन्ही तास निघतात.

दुपारची शिदोरी गावाकडचीच असावी. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी व गूळ दोन दिवस बिघडत नाहीत. पहिल्या दिवशी बाहेरचे काही खाऊ घालण्याची गरज नाही. पाणी प्रत्येकाने बाटलीत बरोबर घ्यावे.

गेट वे ऑफ इंडिया ही कमान पंचम जॉर्ज बादशहाच्या १९११ च्या आगमनाच्या स्मरणार्थ उभारण्यात आली व १९२४ मध्ये खुली झाली. तिचा दगड पिवळसर बेसॉल्टचा आहे. गावच्या विहिरीत लागतो तोच खडक, रंग तेवढा निराळा, हे मुलांस दाखविता येते. ज्या राजसत्तेच्या स्वागतासाठी कमान बांधली तिच्या शेवटच्या सैन्यतुकडीने २८ फेब्रुवारी १९४८ रोजी याच कमानीखालून प्रस्थान केले. एवढी कथा सांगितली की पुढे व्याख्यान नको.

येथून ओव्हल मैदानावर यावे व मुलांस तासभर मोकळे सोडावे. समोर विद्यापीठाचा राजाबाई मनोरा दिसतो. तो १८७८ मध्ये पूर्ण झाला. सूर्यास्तापूर्वी अर्धा तास मरीन ड्राइव्हवर पोहोचावे. दुपारी पाहिलेल्या समुद्रावर सूर्य मावळणार नाही व येथील समुद्रावर मात्र मावळेल, असे का, हा प्रश्न येथे विचारावा. पटांगणावरचा नकाशा ज्यास आठवतो ते मूल तत्काळ सांगते की, तेथे आपण पूर्वेकडे तोंड करून उभे होतो. ज्या मुलांनी समुद्र कधी पाहिला नाही ती काही काळ काहीच बोलत नाहीत. तेव्हा शिक्षकानेही बोलू नये. कठड्यापलीकडील दगडांवर कोणासही उतरू देऊ नये.

दुसऱ्या दिवसासाठी दोन मार्ग आहेत, आणि त्यांपैकी एकच घ्यावा. पहिला घारापुरीचा. गेट वेपासून नौकेने सुमारे तासाभराचा हा प्रवास आहे. वाटेत बंदरातील जहाजे दिसतात. लेण्यांतील त्रिमुखी शिवमूर्ती सुमारे वीस फूट उंच आहे. सोमवारी लेणी बंद असतात व पावसाळ्यात नौका बंद ठेवतात. महानगराच्या इतक्या जवळच्या या बेटावर समुद्राखालून तार टाकून वीज पोहोचण्यास २०१८ साल उजाडावे लागले, ही हकीकत खेड्यातील मुलांस विशेष जवळची वाटते. परंतु या मार्गाचा विचार करताना एक कटू गोष्ट झाकून ठेवणे योग्य नव्हे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीस निघालेल्या प्रवासी नौकेस दुसऱ्या वेगवान बोटीची धडक बसून अनेक प्रवासी मृत्युमुखी पडले. म्हणून पालकांची वेगळी लेखी संमती घ्यावी, नौका सुटण्यापूर्वी प्रत्येक मुलाच्या अंगावर त्याच्या मापाचे जीवरक्षक जाकीट बांधले गेले आहे हे स्वतः हात लावून पाहावे, आणि तशी जाकिटे पुरेशी नसतील तर तिकिटाचे पैसे बुडाले तरी नौकेत पाऊल ठेवू नये. नौका भरगच्च असेल तरीही हाच नियम.

दुसरा मार्ग भायखळ्याचा. १८६२ मध्ये स्थापन झालेली राणीची बाग, म्हणजे आताचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, आणि तिला लागून असलेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय एकाच फेरीत होतात. दोन्ही बुधवारी बंद असतात; अन्य दिवशीही दुरुस्तीमुळे काही बंद नाही ना, याची आठवडाभर आधी दूरध्वनीने खात्री करावी. घारापुरीपेक्षा यात धोका कमी व खर्चही कमी. शिवाय मुलांस लोकल गाडीत बसण्याची हौस असते, ती येथे अल्पात भागते. टर्मिनसहून भायखळा हे तिसरे स्थानक आहे. सकाळी सारी मुंबई कामासाठी दक्षिणेकडे लोटत असते, त्या वेळी दक्षिणेहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्या त्या मानाने मोकळ्या असतात. संध्याकाळी नेमके उलट. तेव्हा सकाळी गर्दीच्या विरुद्ध दिशेने जावे व चार वाजण्यापूर्वी परतावे. धीमी गाडीच घ्यावी.

लोकल स्थानकात अर्ध्या मिनिटापलीकडे क्वचितच थांबते. चाळीस मुलांस एकाच दारातून चढविणे हे संकटास आमंत्रण आहे. आठ मुलांमागे एक शिक्षक असे गट करून प्रत्येक गटास वेगळे दार नेमून द्यावे. शिक्षकाने सर्वांत शेवटी चढावे. आणि तरीही कोणी फलाटावर राहिलेच तर त्याने काय करावयाचे, हे गावातच घोकून घ्यावे. त्याने जागचे हलू नये, दुसऱ्या गाडीत तर मुळीच चढू नये. गट पुढच्या स्थानकावर उतरेल आणि एक शिक्षक माघारी येईल. प्रत्येकाच्या खिशात शाळेचे व गावाचे नाव, दोन शिक्षकांचे भ्रमणध्वनी क्रमांक व मुक्कामाचा पत्ता लिहिलेला कागद शिवून टाकावा. हा प्रसंग शाळेच्या पटांगणात दोनदा करून पाहावा. मुले हसतील, हसू द्यावे.

परतीची गाडी रात्रीची असते. गाडी सुटण्यापूर्वी दीड तास स्थानकावर यावे, कारण थकलेली मुले सामानावर झोपी जातात आणि जागे करून मोजताना चूक होते. गटप्रमुखाने नावे घ्यावी, आकडा नव्हे. गावी पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात जमाखर्चाचा कागद शाळेच्या फलकावर लावावा आणि शिल्लक राहिलेली रक्कम, ती पाच रुपये असली तरी, वर्गणीच्या प्रमाणात पालकांस परत करावी.