सोलापूरचा माठ आणि डोंबिवलीतलं खारं पाणी

पहाटे साडेपाचला मी दिवा न लावता टाकीपाशी जाते. दिवा लागला की मासे दचकतात. लहान विजेरीच्या उजेडात आधी तापमापक वाचायचा, मग खालच्या कपाटाचं दार उघडून संपमधली पाण्याची रेषा बघायची. संप म्हणजे मुख्य टाकीखालची दुसरी टाकी. वरचं पाणी तिथे उतरतं, स्वच्छ होतं आणि पंपाने परत वर जातं. आज २५.९ अंश, रेषा खुणेवर. चहा ठेवायला हरकत नाही.

चार फूट लांबीची ही टाकी आमच्या डोंबिवलीच्या घरात सहा वर्षं आहे. संपसकट २४० लिटर खारं पाणी. त्यात क्लाऊनफिशची जोडी, एक गोबी, एक क्लीनर कोळंबी, काही गोगलगायी आणि मऊ प्रवाळ: झोअँथिड, मश्रूम, झीनिया आणि ताटाएवढं पसरलेलं एक लेदर. टणक सांगाड्याचे, खडक बांधणारे प्रवाळ माझ्याकडे नाहीत आणि नसणार. २००१ पासून ते, तसेच समुद्रपंखे, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. समुद्रातून काढलेला प्रवाळखडकही मला नको होता. माझे दगड कृत्रिम आहेत. पहिल्या दीड महिन्यात त्यांच्यावर जिवाणूंचा थर बसला, तोवर टाकीत मासा घातला नाही. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही द्रव्यं विषारी, तिसरं बरंच सौम्य. ही साखळी जुळण्याआधी मासे सोडणं म्हणजे त्यांना विषात सोडणं. दुकानात हे कुणी बजावून सांगत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पण आमच्या भागात जीव जातो तो बहुतेक वेळा उष्णतेने. ते मला नीट समजलं सासूबाईंच्या माठामुळे.

त्या सोलापूरहून कायमच्या राहायला आल्या तेव्हा सोबत काळा माठ आणला. तिकडे एप्रिलमध्ये त्या माठातलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार व्हायचं. इथे ते नुसतं बरं असायचं. आईंनी माठ वाळूवर ठेवला, ओलं फडकं गुंडाळलं, खिडकीत नेला. शेवटी म्हणाल्या, "अगं, माठ तोच आहे. इथली हवाच पाणी पीत नाही." मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. इतक्या नेमक्या शब्दांत मला ते वर्गात कधी सांगता आलं नव्हतं.

पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. माझ्या टाकीतून एक लिटर पाणी उडालं तर उरलेलं पाणी जवळजवळ अडीच अंशांनी उतरेल, इतकी ती उष्णता असते. म्हणून प्रवाळ पाळणारे टाकीचं झाकण काढून पाण्यावर छोटे पंखे लावतात. पण हवेला आधीच पाण्याचं अजीर्ण झालं असेल तर पंखा काय करणार? तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं बांधून वाऱ्यात धरलं की जो आकडा मिळतो, त्याखाली पंखा पाण्याला नेऊच शकत नाही. सोलापुरात ४१ अंशांच्या कोरड्या दुपारी हा आकडा २२-२३ असतो. डोंबिवलीत मे महिन्यात ३५ अंश आणि साठ टक्के आर्द्रता असली की तो २८ च्या वर. शिवाय दिवे आणि पंप आपली उष्णता पाण्यात ओततच असतात. म्हणजे चार पंखे लावले तरी मे महिन्यात माझी टाकी २९ च्या खाली यायची नाही, आणि मला हवेत २५ ते २६. पहिल्या वर्षी मी पंख्यांवर पंखे वाढवत गेले. दुसऱ्या वर्षी चिलर घेतला.

चिलर म्हणजे फ्रीजचंच भावंड. पाण्यातली उष्णता उपसून तो हवेत टाकतो. ही हवा त्याच खोलीत राहिली तर खोली तापते, खोलीमुळे टाकी तापते आणि यंत्र रात्रंदिवस धापा टाकत राहतं. सुरुवातीचे दोन आठवडे आमच्याकडे हेच चाललं होतं. मग भिंतीला भोक पाडून नळ्या बाल्कनीत नेल्या आणि चिलर तिथे, वाळत घातलेल्या कपड्यांखाली बसवला. त्याच्या आतली नळी टायटॅनियमची आहे. तांबं स्वस्त पडलं असतं, पण खारं पाणी तांबं खातं आणि विरघळलेलं तांबं कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ अशा बिनकण्याच्या जिवांना अगदी थोड्या प्रमाणातही मारतं. माशांच्या कित्येक औषधांत तांबं असतं. म्हणून आजारी माशाला औषध द्यायचं ते वेगळ्या बादलीत, या टाकीत कधीच नाही.

उडालेल्या पाण्याची दुसरी बाजू मिठाची. पाणी जातं, मीठ मागे राहतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हाळ्यात पंखा सुरू असताना माझ्या टाकीतून दिवसाला चार लिटर पाणी उडतं. एक दिवस भर घातली नाही तर ३५ चे ३५.६ होतात, तीन दिवस राहिलं तर ३६.८. ही भर गोड्या पाण्याची हवी. खारं पाणी ओतलं की क्षार चढतच जातात. नवीन माणूस हमखास इथे चुकतो. भर घालायला आता संपमध्ये तरंगता खटका आहे, पातळी उतरली की छोटा पंप डब्यातलं गोडं पाणी सोडतो. एका रात्री एक गोगलगाय त्या खटक्यावर जाऊन बसली. खटका दबलेला राहिला आणि डब्यातलं वीसच्या वीस लिटर पाणी टाकीत गेलं. सकाळी क्षार ३२.३. झीनियाची एरवी सतत उघडमीट करणारी बोटं निश्चल पडली होती. तेव्हापासून डबा दहा लिटरचाच ठेवला आहे आणि खटक्याला प्लास्टिकच्या जाळीचं कुंपण घातलं आहे. कोणतंही यंत्र बसवताना ते बिघडलं तर जास्तीत जास्त किती पाणी, किती उष्णता, किती औषध टाकीत जाईल, हे मी आधी मोजते.

गोडं पाणी म्हणजे नळाचं पाणी नव्हे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, आणि उन्हाळ्यात सोसायटीत टँकर आला की टीडीएस मीटर ६०० च्या पुढे जातो. आमच्या आरओला कार्बनची गाळणी आधी आहे, कारण क्लोरीनने आरओचा पडदा खराब होतो. आरओनंतर रेझिनची नळी. मीटरवर शून्य आलं तरच ते पाणी टाकीचं. दर रविवारी त्यातलं २४ लिटर पाणी घेऊन समुद्री मीठ घालते आणि रात्रभर पंपाने ढवळत ठेवते. स्वयंपाकातलं मीठ इथे चालत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, बायकार्बोनेट हे सगळं ठरलेल्या प्रमाणात असतं. सोमवारी टाकीतलं तेवढंच पाणी काढून हे नवं घालायचं. दोन्हींचं तापमान आणि क्षार जुळले पाहिजेत.

चाचण्यांच्या बाटल्यांनी माझा एक खण भरला आहे. तरी नियमित बघते त्या तापमान, क्षार, अल्कलिनिटी, नायट्रेट आणि फॉस्फेट एवढ्याच. पीएचच्या आकड्यामागे धावणं मी सोडलं, तेही एका गणपतीत. घरात वीस-बावीस पाहुणे, पावसामुळे खिडक्या बंद. रोज संध्याकाळी ८.२ असणारा पीएच ७.८ वर आला. टाकीत काहीही बिघडलं नव्हतं. आम्हा सगळ्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरत होता. आरती झाल्यावर बाल्कनीचं दार तासभर उघडं ठेवलं आणि आकडा वर सरकू लागला. घरातली माणसं मोजणारं ते पाणी बघून मी थक्क झाले होते.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात वीज गेली ती सात तास आली नाही. तेव्हा तापमान २५.८ होतं. चिलर इन्व्हर्टरवर चालत नाही. अशा वेळी घाबरून सगळे बर्फाकडे धावतात, पण पहिला प्रश्न प्राणवायूचा असतो. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ६.२. पाणी तापतं तशी माशांची प्राणवायूची गरज वाढते आणि पाण्याची तो धरून ठेवण्याची ताकद घटते. पंप थांबला, पृष्ठभाग हलायचा राहिला, की दोन-तीन तासांत मासे वर येऊन तोंडं उघडतात. मी इन्व्हर्टरवर फक्त टाकीचा पंप आणि एक छोटा पंखा ठेवायचं ठरवलं. आईंच्या खोलीतला पंखा मात्र बंद करवेना. त्यांनीच हाक मारली, "माझा पंखा बंद कर गं. मला वाळ्याचा आहे. त्यांना कोण वारा घालणार?"

बर्फाच्या बाटल्याही सोडल्या, बूच घट्ट लावून. एक लिटरची गोठलेली बाटली पूर्ण वितळून कोमट होईपर्यंत टाकी जेमतेम अर्धा अंश उतरते. फ्रीझरमध्ये तीनच होत्या. वीज आली तेव्हा पाणी २९.९ होतं. चिलर लगेच २६ वर लावला नाही. २९, मग सहा-सात तासांनी २८, असं दीड दिवसात खाली आणलं. चढलेल्या पाण्यात तगलेला जीव झटकन उतरलेल्या पाण्यात दगावू शकतो. दुसऱ्या दिवशी दोन गोगलगायी मेलेल्या मिळाल्या. त्या तातडीने काढल्या, अमोनिया तपासला, २४ लिटर पाणी बदललं. लेदर नऊ दिवस मिटून होतं. दहाव्या दिवशी त्याच्या अंगावरून मेणचट पातळ कातडी सुटली आणि संध्याकाळपर्यंत ते पुन्हा ताटासारखं उघडलं.

त्या नऊ दिवसांत मला लक्षद्वीपचे खडक आठवत होते. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. प्रवाळाचा रंग आणि बरंचसं अन्न त्याच्याकडून येतं. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एकच अंश वर जाऊन काही आठवडे तसंच राहिलं की हे शैवाल प्रवाळातून बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं होतं. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये लक्षद्वीपला हे घडलं. मी दीड दिवसात चार अंश परत खाली आणले, कारण माझ्याकडे बाल्कनी होती आणि उष्णता बाहेर टाकायला हवा होती. तिथल्या अगत्ती बेटाच्या खडकाला तशी बाल्कनी नाही. टाकी ठेवायला लागल्यापासून समुद्राच्या तापमानाची बातमी मी वरवर वाचू शकत नाही.

यंदा पहिला पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मध्यरात्री आला. आईंना त्याआधीच जाग आली होती. बाल्कनीच्या दाराशी उभं राहून म्हणाल्या, "मशीन बंद पडलं का गं? आवाज येत नाही." मी तापमापक पाहिला. २५.७. बाहेरची हवा २६ वर आली होती आणि सव्वादोन महिन्यांत पहिल्यांदाच चिलरला थांबायला मिळालं होतं. हवा आता पूर्ण भरलेली, पाणी उडणंही जवळपास थांबलेलं. सकाळी भरीच्या डब्यातली पातळी कालच्या खुणेवर तशीच होती. मी पंखा काढून धुतला, त्याच्या पात्यांवरचा खार खरवडला आणि झाकण परत बसवलं.