काहून बोंबलून राह्यलं हे मशीन?

बडनेऱ्यात आवाजाची तक्रार करायची म्हणजे हसं व्हायचं. मुंबई-हावडा मार्गावरचं जंक्शन. घर नव्या वस्तीत असो की जुन्या, मालगाडीचा भोंगा अपरात्री ऐकू येणारच. पण गाडी येते नि जाते. घरी बसून थ्रीडी रेंडरिंग किंवा व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याच्या टेबलाखालचं मशीन मात्र मे महिन्यात दुपारी जे घोंघावायला लागतं, ते दिवे लागले तरी थांबत नाही. मीटिंगमधला पुण्याचा साहेब विचारतो, "मागे मिक्सर सुरू आहे का?" मग ज्याला त्याला सल्ला सुचतो.

पहिला सल्ला ठरलेला: चिपसाठी भारीतला कूलर घे, आवाज बंद. वस्तुस्थिती अशी, की पंखा थंडी तयार करत नाही, तो चिपची उष्णता खोलीच्या हवेत नेऊन टाकतो. चिपचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक तिची स्वतःची वाढ. परदेशी परीक्षणं बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीत होतात. इथे स्लॅबखालच्या वरच्या खोलीत ४० अंश सहज असतात. तिकडे ७० वर शांत बसणारी चिप त्याच पंख्याखाली, त्याच वेगात, इथे ८५-९० दाखवणार. शेजारच्या अकोल्यात मे २०२४ मध्ये उन्हापायी कलम १४४ लावलं होतं; परदेशी परीक्षणांतल्या आकड्यांचा इथे काय उपयोग? लिक्विड कूलिंगचंही तेच. त्यातलं पाणी खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही, रेडिएटरला पंखे लागतातच, वर पंपाची गुणगुण वेगळी.

"पंखे कमी, तर आवाज कमी" हे पटण्यासारखं वाटतं, पण हिशेब उलटा आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, आवाज मात्र साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणजे १४०० फेऱ्यांवर ओरडणाऱ्या एका पंख्याऐवजी तसेच दोन, ७०० फेऱ्यांवर ठेवा. हवा तेवढीच. दोन सारखे आवाज मिळून ३ डेसिबल वाढतात, म्हणजे निव्वळ १२ डेसिबलची बचत. आणि १० डेसिबल उतरले की कानाला आवाज जवळजवळ अर्धा वाटतो. हा झाला कागदावरचा हिशेब. जाळी बारीक असेल किंवा कॅबिनेटचं तोंड काचेने बंद असेल, तर फायदा घटतो. म्हणून कॅबिनेट घेताना रंगीत दिव्यांपेक्षा पुढची जाळी बघावी आणि १२० ऐवजी १४० मिलिमीटरचे पंखे बसतात का, ते विचारावं.

तापमानाचा आकडा पाहून घाबरणं हाही एक आजारच. रायझन ७००० मालिका पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाणार, हे एएमडीने गृहीतच धरलंय. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप चिप १०० अंशांपाशी आपोआप वेग कमी करतात. तेव्हा ६० अंशांवरच पंखा सुसाट सोडायचं कारण नाही. बायॉसमध्ये फॅन कर्व्ह असतो, म्हणजे तापमानानुसार पंख्याचा वेग ठरवणारा आलेख. चढण सावकाश ठेवा आणि पंख्याने काही सेकंद थांबून प्रतिसाद द्यावा असं सेटिंग करा. एकसुरी घरघर कान विसरतो, दर मिनिटाला चढणारी-उतरणारी नाही.

पण खरी मेख वॅटमध्ये आहे. ३०० वॅट खाणारा संगणक म्हणजे मे महिन्यात खोलीत लावलेला ३०० वॅटचा हीटर. तो कितीही शांत केला तरी उष्णता तेवढीच टाकणार. आवाज आणि उकाडा दोन्ही कमी करायचे तर खाणंच कमी करायला हवं, आणि इथेच लोकांना वाटतं की मशीनची ताकद वाया जाणार. तसं होत नाही. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शेवटच्या थोड्या वेगासाठी व्होल्टेज चढवावं लागतं आणि वीज भसाभस जाते. रायझन ९ ७९५०एक्स ही १७० वॅटची चिप प्रत्यक्षात २३० पर्यंत ओढू शकते. ६५ वॅटच्या इको मोडमध्ये ती ८८ वर थांबते. वीज निम्म्याहून खाली, वेग मात्र तितका पडत नाही. ग्राफिक्स कार्डची पॉवर लिमिटही अशीच ७०-८० टक्क्यांवर आणता येते. एक छदाम खर्च नाही. मला विचाराल तर उन्हाळ्याचं वेगळं प्रोफाइलच करून ठेवावं.

आता घरगुती इलाज. कव्हर काढून ठेवलं की आवाज थेट बाहेर, धूळ थेट आत. टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलं तर मशीन आपलीच गरम हवा पुन्हा ओढतं. अंड्यांचे ट्रे चिकटवून आवाज अडत नाही. डेझर्ट कूलर मेच्या कोरड्या हवेत खोली खरंच गार करतो, पण झोत थेट कॅबिनेटवर नको, तुषार आत जातात. आणि मृग लागला की हवेत ओल येते, कूलर निव्वळ पंखा उरतो. (कूलर चालू असताना संगणक ऐकूच येत नाही, हे खरं. पण तोच माइकमध्ये शिरतो.)

धुळीचं इथे वेगळंच. काळ्या मातीचा फुफाटा, त्यात कापसाच्या दिवसांत उडणारी तूस. फिल्टरवर राखाडी गोधडीच बसते आणि पंख्याला तेवढ्याच हवेसाठी जास्त पळावं लागतं. ब्लोअर मारताना मशीन बंद करून पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. नाहीतर ते भन्नाट फिरतं आणि बेअरिंग जातं. मग खडखड कायमची.

सगळा आवाज पंख्याचाच असतो असंही नाही. ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क १२० हर्ट्झचा हुंकार देते. तिचं काम एसएसडीवर न्या किंवा तिच्याखाली रबर घाला. भाराबरोबर बदलणारी बारीक किर्र ग्राफिक्स कार्डातल्या कॉइलची असते. लाइट गेल्यावरच गुरगुर सुरू होत असेल तर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर तपासा.

आणि साहेबांपुरताच प्रश्न असेल तर आधी माइक हलवा. तोंडापासून ४० सेंटीमीटरवरचा माइक २० वर आणला की तुमचा आवाज ६ डेसिबलने वर येतो. माइक कार्डिऑइड असेल तर त्याची पाठ मशीनकडे ठेवा. तरी मिक्सर ऐकू आला तर ग्राफिक्स कार्ड आणखी दहा टक्क्यांनी खाली आणा.