रविवारची लीग आणि संयोजकाचे सहा दिवस

टेनिस बॉलची लीग रविवारी सकाळी साडेसातला सुरू होते आणि दीडपर्यंत मैदान रिकामं होतं. संयोजकाची लीग मात्र सोमवारी सुरू होते. ‘आमची मॅच किती वाजता?’, ‘पॉइंट टेबल कधी टाकताय?’, ‘या रविवारी आमचे चार जण लग्नाला चाललेत, मॅच पुढे ढकला ना.’ पुण्यात आठ संघांची, आठ-आठ षटकांची अशी लीग मी काही वर्षं चालवली. पहिल्या हंगामात माझी जवळजवळ रोजची संध्याकाळ फोनवर गेली आणि मी स्वतः जेमतेम दोन सामने खेळलो. नंतर तेच काम आठवड्याला तासाभरावर आलं. ते कमी झालं, कारण आमच्या काही घट्ट समजुती एकेक करून खोट्या ठरल्या.

सगळ्यात महागात पडलेली समजूत अशी होती: ‘फिक्स्चर आठवड्याला ठरवलेलं बरं, सगळ्यांची सोय बघता येते.’ ऐकायला हे समंजस वाटतं. पण दर आठवड्याला आठ कॅप्टनांची सोय विचारली की आठ उत्तरं येतात आणि एकाचं उत्तर बदललं की बाकीची पुन्हा विचारावी लागतात. वस्तुस्थिती ही आहे की आठ संघांचे साखळीतले २८ सामने सात रविवारांत, रोज चार याप्रमाणे, पहिल्याच दिवशी कागदावर बसवता येतात. त्याची रीत सोपी आहे. वरच्या ओळीत १, २, ३, ४ लिहा आणि त्यांच्याखाली ८, ७, ६, ५. समोरासमोरचे संघ पहिल्या रविवारी खेळतील: १-८, २-७, ३-६, ४-५. आता १ ला जागेवर ठेवा आणि बाकीचे सात आकडे घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं एकेक घर सरकवा. वर १, ८, २, ३ येतात, खाली ७, ६, ५, ४. हा दुसरा रविवार. असं सातव्या रविवारपर्यंत गेलं की प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदाच खेळलेला असतो. संघ सात असतील तर आठव्या जागी ‘बाय’ लिहायचं, रीत तीच. सकाळचा गारव्यातला सामना आणि शेवटचा उन्हातला सामना सगळ्यांच्या वाट्याला साधारण सारखे येतील, एवढं हातानं अदलाबदल करून पाहायचं. अर्ध्या तासात हंगामाचं वेळापत्रक होतं.

तारखा आधीच कळल्या की लग्नाची अडचण कॅप्टन आपली आपण सोडवतो, चार खेळाडू जास्त नोंदवतो. मैदानाचंही तसंच. शाळेच्या मैदानाचं पत्र दर आठवड्याला मागण्यापेक्षा नऊ रविवारांचं एकदाच मागावं. सात खेळायचे, दोन राखीव.

राखीव रविवार ऐकले की लोक म्हणतात, ‘पाऊस आपल्या हातात थोडाच आहे?’ नाहीच. पण पावसाचा नियम आपल्या हातात असतो. मुंबईची कांगा लीग १९४८ पासून मुद्दाम पावसाळ्यात खेळली जाते. पाऊस येणार हे गृहीत धरूनच ती स्पर्धा उभी आहे. आपणही नियमात लिहून ठेवावं: इतक्या वाजेपर्यंत मैदान खेळण्याजोगं झालं नाही तर सामना राखीव रविवारी, तिथंही झाला नाही तर गुण वाटून. हे एक वाक्य नसेल तर अवकाळीच्या एका सरीनंतर आठवडाभर फोन घ्यावे लागतात.

‘दोन-चार संघ वाढले तर काय फरक पडतो?’ हाही गैरसमज, आणि तो उत्साहातून येतो म्हणून आवरणं अवघड. सहा संघांचे साखळी सामने १५, आठांचे २८, दहांचे ४५, बारांचे ६६. सहाचे बारा संघ झाले की सामने दुप्पट नव्हे, चारपटीहून जास्त होतात. बारा संघ घ्यायचेच असतील तर सहा-सहाचे दोन गट करावेत. साखळी सामने ३० होतात आणि बाद फेरीला जागा उरते.

आता व्हॉट्सअॅप. ‘ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं’ असं आम्हालाही वाटायचं. एका ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात, म्हणून आम्ही सगळे खेळाडू एकाच ठिकाणी भरले. एका शनिवारी बदललेली वेळ शुभेच्छांच्या आणि झेलाच्या व्हिडिओंच्या ढिगाखाली गेली आणि रविवारी एक संघ दीड तास आधी येऊन बसला. त्यांचा राग रास्त होता. त्यानंतर आम्ही दोन ग्रुप केले. एक सूचनांचा, ज्यात फक्त अॅडमिनलाच लिहिता येतं आणि वेळापत्रकाचा मेसेज वर पिन केलेला असतो. दुसरा फक्त कॅप्टनांचा, त्यात चर्चा. खेळाडूनं प्रश्न आपल्या कॅप्टनला विचारायचा, संयोजकाला नाही. दीडशे लोकांच्या प्रश्नांऐवजी आठ लोकांचे प्रश्न येऊ लागले, आणि पिन केलेल्या मेसेजमुळे तेही निम्म्यावर आले.

अंपायर आणि स्कोअरर शोधणं ही शनिवार रात्रीची खरी डोकेदुखी. पुष्कळांना वाटतं, त्यावर पैसे मोजूनच उपाय होतो. अंतिम सामन्याला बाहेरचे अंपायर जरूर बोलवावेत. साखळीत मात्र सामन्यांची जोडी लावली की भागतं: दुसऱ्या सामन्याचे संघ आधी येऊन पहिल्या सामन्याला अंपायर-स्कोअरर देतात आणि पहिल्याचे संघ थांबून दुसऱ्याला देतात. तिसऱ्या-चौथ्याचं तसंच. ही नावं वेळापत्रकाच्याच कागदावर छापायची, माणूस दिला नाही तर एक गुण वजा. गुण वजा करायची वेळ आमच्यावर एकदाच आली.

‘अॅप घेतलं की सगळं आपोआप होतं’ हे अर्धं खरं आहे. क्रिकहिरोजसारख्या अॅपवर चेंडूगणिक धावा भरल्या की गुणतक्ता आणि नेट रनरेट तयार होतो, आणि सोमवारची आकडेमोड वाचते. पण चेंडूगणिक भरणारा माणूस सीमारेषेजवळ बसलेला असावा लागतो, आणि षटकं कमी केली असतील तर ती तिथंही बदलावी लागतात. अॅप नसलं, साधी गूगल शीट असली, तरी चालतं. मात्र नेट रनरेटचं गणित नीट कळलं पाहिजे, कारण उपांत्य फेरीच्या तोंडावर सर्वांत जास्त भांडणं त्यावरूनच होतात.

तिथं तीन चुका वारंवार दिसतात. पहिली: संघ आठ षटकांच्या सामन्यात सहा षटकांत ४० धावांवर सर्वबाद झाला, तर धावांना सहानं भागतात. नियमाप्रमाणे सर्वबाद संघाची पूर्ण आठ षटकं धरायची, म्हणजे रनरेट ५, ६.६७ नव्हे. दुसरी: प्रत्येक सामन्याचा नेट रनरेट काढून त्यांची सरासरी घेतात. खरं तर सगळ्या सामन्यांतल्या धावांची बेरीज भागिले सगळ्या षटकांची बेरीज, आणि त्यातून प्रतिस्पर्ध्यांचा तसाच आकडा वजा. तिसरी चूक शीटमध्ये लपून राहते: सात षटकं तीन चेंडू हे आपण ७.३ लिहितो, संगणक ते दशांश समजतो. तीन चेंडू म्हणजे अर्धं षटक, म्हणून तो आकडा ७.५ हवा. सोपा इलाज म्हणजे षटकं न लिहिता चेंडू लिहायचे, ४५, आणि शेवटी सहानं भागायचं. आमच्याकडे एका हंगामात या .३ मुळे चौथ्या-पाचव्या क्रमांकाची अदलाबदल झाली होती. चूक वेळेत सापडली, पण एका कॅप्टनची आम्हाला मनापासून माफी मागावी लागली. शीट सगळ्यांना पाहता यावी, बदल मात्र एकालाच करता यावेत.

पैशांबाबतचा समज असा की पूर्ण एन्ट्री फी आधी मागितली तर संघ येणार नाहीत, त्यापेक्षा दर रविवारी मॅच फी घ्यावी. आठ संघ, सात रविवार, म्हणजे ५६ वसुल्या आणि त्यातल्या निदान दहा-बारा ‘पुढच्या रविवारी देतो’. एकदाच घेतली तर आठ. यूपीआयवर पाठवताना संघाचं नाव टिपणीत लिहायला लावलं की पावतीचं कामही मिटतं. वॉकओव्हरसाठी थोडी अनामत वेगळी ठेवावी, सगळे सामने खेळणाऱ्याला ती परत द्यावी. संयोजकानं लीगचे पैसे घरखर्चाच्या खात्यात मिसळू नयेत, त्यासाठी वेगळं खातं असावं. लोक आपल्यावर विश्वास ठेवून पैसे देतात, तेव्हा हिशेब न मागताही दाखवला पाहिजे.

नोंदणीच्या वेळी ग्रुपवर आधार कार्डांचे फोटो मागवण्याची पद्धत तर बंदच झाली पाहिजे. दीडशे अनोळखी फोनांवर आपला आधार क्रमांक जावा असं कुणालाच वाटणार नाही. ओळख पटवायचीच असेल तर मूळ कार्ड मैदानावर पाहून परत द्यावं, किंवा फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार घ्यावं.

आणि शेवटचा, माझा स्वतःचा जुना गैरसमज: ‘एकट्यानं केलं की लवकर होतं.’ पहिल्या आठवड्यात होतंही. पण संयोजकाच्या घरी आजारपण आलं, त्याची बदली झाली की तिथंच लीग बंद पडते. चांगल्या चालणाऱ्या लीग अशा संपलेल्या मी पाहिल्या आहेत. वेळापत्रक एकाकडे, पैसे दुसऱ्याकडे, गुणतक्ता तिसऱ्याकडे असावा. तक्रार त्याच रात्री नऊच्या आत कॅप्टननं लेखी द्यायची, तिघांनी निर्णय घ्यायचा, ज्याचा संघ त्यात असेल त्यानं बाजूला बसायचं आणि त्याच्या जागी तटस्थ कॅप्टन घ्यायचा.

तुमच्या भागात लीग सुरू करायचा विचार असेल तर नोंदणीचा मेसेज टाकण्याआधी एक संध्याकाळ काढा. दोन कॅप्टनांना घरी बोलवा, नियमांचं एक पान आणि सगळ्या रविवारांचं वेळापत्रक लिहून काढा, आणि ते पूर्ण झाल्याशिवाय उठू नका. पहिल्या रविवारी संघाच्या यादीत तुमचंही नाव असू द्या.