संमेलन आणि कचरा

साहित्य संमेलन असो वा चर्चासत्र, प्रतिनिधीच्या हाती पिशवी, फाइल, पेन आणि बिल्ला पडतोच. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर आणि १०० मायक्रॉनहून पातळ प्लास्टिक फलकांवर देशभर बंदी आहे. भेटवस्तूंचे वाटप मात्र चालूच आहे. माझ्या मते या कचऱ्याचे मूळ छापखान्याला दिलेल्या ऑर्डरीत आहे. पिशवीवर तारीख छापली की ती दुसऱ्याच दिवशी शिळी होते. म्हणून नोंदणीपत्रकातच 'पिशवी हवी का?' असे विचारावे, मागणीइतकीच छपाई करावी, बिल्ले परत घ्यावेत, पुष्पगुच्छाऐवजी एखादे पुस्तक द्यावे. उरलेल्या पैशातून दूरगावच्या गरीब विद्यार्थ्याचे प्रवासभाडे निघाले, तर संमेलनाची खरी शोभा तीच!